खिशातला बर्फाचा गोळा: ‘द स्नोई डे’ लहानग्यांना वाचून दाखवताना

पीटर नावाचा छोटा मुलगा सकाळी उठतो. खिडकीबाहेर सगळीकडे बर्फ पडलेला असतो. न्याहारी करून, लाल पोशाख चढवून तो बाहेर जातो, दिवसभर एकटाच खेळतो आणि घरी येताना बर्फाचा एक घट्ट गोळा उद्यासाठी म्हणून खिशात ठेवतो. रात्री खिसा चाचपतो, तर खिसा रिकामा. ‘द स्नोई डे’ची गोष्ट एवढीच. एझ्रा जॅक कीट्स यांनी लिहिलेलं आणि चितारलेलं हे पुस्तक १९६२ मध्ये व्हायकिंग प्रेसने काढलं. १९६३ मध्ये त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं. अमेरिकेत चित्रपुस्तकाला मिळणारा हा सगळ्यात मोठा मान. २०२० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या १२५ वर्षांत सर्वाधिक वेळा वाचकांनी घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक याच पुस्तकाचा होता: ४,८५,५८३ वेळा.

आपल्याकडे अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना थंडीतलं एकच चित्रपुस्तक वाचून दाखवायचं असेल, तर आमची शिफारस याचीच. मात्र एक अट आहे. या पुस्तकाचा जीव रिकाम्या खिशाच्या पानात आहे. ते पान मुलाला भिडलं, तर पुस्तक मनात राहतं. नाही भिडलं, तर उरतात नुसती सुंदर चित्रं. आणि मराठी घरात ते पान हुकण्याची कारणं ठरलेली आहेत. हा सगळा लेख त्या एका पानापर्यंत नीट कसं पोचायचं याबद्दल आहे, असं म्हटलं तरी चालेल.

पहिली अडचण शब्दाचीच. मराठीत आकाशातून भुरभुरतो तोही बर्फ आणि फ्रीजच्या ट्रेमधून निघतो तोही बर्फच. आपल्या मुलांच्या ओळखीचा बर्फ म्हणजे सरबतातला चौकोनी खडा, नाहीतर मासळीवर घातलेली लादी. दोन्ही टणक. मग ‘पीटरचे पाय बर्फात रुतले’ हे वाक्य त्यांच्या डोक्यात बसत नाही, कारण खड्यात पाय रुतत नाही. ‘हिम’ हा शब्द पुस्तकी आहे, चार वर्षांच्या मुलाला तो काहीच दाखवत नाही. पहिल्या पानावर ‘पांढराशुभ्र भुसभुशीत बर्फ’ म्हणावं आणि पुढे नुसतं ‘बर्फ’. ‘भुसभुशीत’ हा शब्द इथे फार कामाचा आहे. नुकती नांगरलेली किंवा कुदळलेली माती भुसभुशीत असते, तिच्यात पाय रुततो, ठसा उमटतो आणि काठी ओढली की रेघ पडते. पीटर दिवसभर नेमकं हेच करतो. गारा पाहिलेल्या मुलांना ‘गारांसारखाच वरून पडतो, पण मऊ, आवाज न करता’ असं सांगितलं तरी पोचतं.

दुसरी अडचण कापसाची. बालवाडीत थंडीचा तक्ता करायचा म्हटलं की कापूस चिकटवून बर्फ दाखवायची पद्धत आहे. या पुस्तकाच्या आधी ते करू नये. कापूस गार नसतो, ओला करत नाही आणि मुख्य म्हणजे वितळत नाही. ज्या मुलाच्या मनात बर्फ म्हणजे कापूस आहे, त्याला खिसा रिकामा दिसला की वाटतं गोळा वाटेत पडला किंवा कुणीतरी घेतला. मुलं तसं बोलूनही दाखवतात: ‘आईने काढून ठेवला असेल.’ थर्मोकोलचे मणी तर नकोतच. ते वितळत नाहीत आणि तीनच्या आतली मुलं ते नाकातोंडात घालतात.

म्हणून वाचायच्या आधी, शक्यतो आदल्या दिवशी, खरा बर्फ हातात द्यावा. घरात जुन्या धाटणीचा एका दाराचा फ्रीज असेल, तर फ्रीझरच्या भिंतीवर जो पांढरा थर साठतो तो खऱ्या हिमाच्या सगळ्यात जवळचा. तो लाकडी उलथन्याने हलकेच खरवडावा. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर अजिबात लावू नये. त्या भिंतीतूनच गॅसची नळी जाते, तिला भोक पडलं तर फ्रीज कामातून गेला. मुलांना तो थर खायला देऊ नये, त्याला फ्रीझरमधल्या सगळ्या जिनसांचा वास असतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये असा थर साठत नाही. तिथे ट्रेमधले आठ-दहा खडे स्वच्छ जाड फडक्यात बांधून लाटण्याने किंवा बत्त्याने बारीक कुटावेत. मिक्सरमध्ये करायचं तर भांडं आधी गार करून घ्यावं आणि एकेक क्षणाचे तीन-चार झटके द्यावेत. सलग फिरवला तर बर्फाचं पाणी होतं.

कुटलेला बर्फ लगेच वळायला गेलं तर वळला जात नाही, भुगा हातातून सुटतो. एखादा मिनिट थांबावं. कणांना जरा ओल सुटली की लिंबाएवढा गोळा छान बांधला जातो. खऱ्या हिमाचंही असंच आहे. कडाक्याच्या थंडीतला कोरडा हिम मुठीत दाबला तरी सुटा राहतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तेव्हाच गोळा नीट वळतो. पीटरचा गोळा घट्ट झाला, म्हणजे त्या दिवशीचा बर्फ तसा होता. मोठ्या मुलांना हे सांगायला हरकत नाही, त्यांना त्यात गंमत वाटते.

मुलाच्या हातावर गोळा फार वेळ ठेवू नये. बोटं दुखायला लागायच्या आत वाटीत सोडू द्यावा. फ्रीझरमधून थेट काढलेला खडा ओल्या बोटाला चिकटतो, मूल घाबरतं. अशा वेळी ओढू नये, वरून साधं पाणी सोडावं. बर्फात मीठ घालून गंमत दाखवायचा मोह होतो, तो या वयाच्या मुलांसमोर टाळावा. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो आणि कातडीला भाजल्यासारखी इजा होऊ शकते.

आणि आता महत्त्वाचं. गोळा वाटीत वितळताना मुलाला फक्त बघू द्यावं. ‘बघ, बर्फ वितळतो, म्हणून खिशात ठेवायचा नसतो’ हे वाक्य त्या वेळीही बोलू नये आणि वाचतानाही नाही. मुलाच्या हाताला माहीत असलं पाहिजे की बर्फाचं पाणी होतं, पण ती माहिती खिशाशी जोडण्याचं काम त्याचं त्याने करायचं आहे. पीटर गोळा खिशात ठेवतो त्या पानावर मोठ्यांचा तोल हमखास जातो. कुणी हसतं, कुणी विचारतं, ‘आता काय होईल सांगा बरं?’ हा प्रश्न शाळेतल्या तासाला ठीक आहे, इथे तो पुढचं पान मारून टाकतो. पान वाचावं, जराही न थबकता उलटावं. ज्याला कळलंय ते मूल आपणहून दचकेल किंवा ‘अरे!’ म्हणेल. ज्याला कळलं नाही ते पीटरबरोबर रिकाम्या खिशापर्यंत जाईल. दोन्ही वाचनं पूर्ण आहेत.

रिकाम्या खिशाच्या पानावर मात्र थांबावं, निदान पाच-सात सेकंद. तिथे पीटरला फार वाईट वाटतं, असं कीट्स लिहितात आणि पुढे सांत्वन करत बसत नाहीत. वाचणाऱ्यानेही करू नये. ‘रडू नको, दुसरा करू’ हे आपलं वाक्य पुस्तकात नाही. नंतर पीटरला स्वप्न पडतं की उन्हाने सगळाच बर्फ वितळला. तो उठतो, तर स्वप्न गेलेलं आणि बर्फ तसाच, वर नवा पडतोय. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांचा इथे गोंधळ होतो. स्वप्न आणि खरं यांतला फरक त्यांना अजून पक्का नसतो, त्यामुळे बर्फ गेला होता की नव्हता हे कळत नाही. यावर साधा उपाय आहे. स्वप्नाचं वाक्य आवाज खाली आणून, संथ वाचावं आणि ‘सकाळी उठून बघतो तर’ हे शब्द एकदम नेहमीच्या मोकळ्या आवाजात म्हणावेत. आवाजातला बदलच सांगतो की स्वप्न संपलं. तरी कुणी विचारलं, तर ‘ते झोपेत दिसलं त्याला’ एवढं उत्तर पुरतं.

इथे इंग्रजी प्रत हातात आहे आणि वाचणारा तिथल्या तिथे मराठीत सांगतोय, असं धरून चाललोय. पानावर जेमतेम एक-दोन वाक्यं असल्याने हे सोपं वाटतं, पण तयारीशिवाय केलं तर वाक्यं लांबतात. कीट्सची वाक्यं आखूड आहेत आणि शब्द जागेवर बसवलेले. आधी दोनदा मोठ्याने म्हणून बघावं. हवं तर मराठी वाक्यं छोट्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने लिहून त्या त्या पानात नुसत्या ठेवाव्यात. चिकटपट्टी लावू नये, काढताना चित्राचा थर निघतो.

काही जागा मराठीत फार छान उतरतात. पायांखाली बर्फ वाजतो त्या आवाजाला ‘कर्रम, कर्रम, कर्रम’. तोंडात खारी चावल्यासारखं म्हणायचं, दातांतून. मग पीटर पायाचे पंजे बाहेर वळवून चालतो, ‘असं’, आणि आत वळवून चालतो, ‘तसं’. मूळ पुस्तकात इथे वाक्य चित्राच्या हवाली केलेलं आहे. शब्द थांबतात आणि पुढचं ठसे सांगतात. म्हणून ‘पाय फेंगडे टाकत चालला, असं’ म्हणून गप्प व्हावं, मुलाचं बोट ठशांवरून फिरू द्यावं. फेंगडे हा शब्द मुलांना फार आवडतो, पुढे दोन दिवस घरात सगळे फेंगडे चालतात. त्यानंतर पीटर पाय फरफटत रेघा ओढतो. मूळात ‘हळू’चा इंग्रजी शब्द अक्षरं सुटी करून छापलाय. ‘ह… ळू… ह… ळू…’ असंच म्हणावं आणि बोट त्याच गतीने रेघेवरून न्यावं. घाईघाईने वाचणाऱ्यांची खोड हे पान मोडतं.

पुढची गंमत पान उलटण्याची आहे. पीटरला बर्फातून वर आलेलं काहीतरी सापडतं, त्याने नवीच रेघ पडते. ते काय, हे त्या वाक्यात सांगितलेलं नाही. उत्तर पुढे आहे: काठी. आणि काठी कशाला, तर बर्फाने लगडलेल्या झाडावर हाणायला. मग वरचा बर्फ पीटरच्या डोक्यावर: ‘धप्प!’ हे तीन टप्पे तीन वेगळ्या श्वासांत वाचायचे. अनेकजण पान उलटायच्या आधीच ‘काठी’ म्हणून टाकतात, कारण मोठ्यांचे डोळे पुढे धावलेले असतात.

लाडवासारखा ‘वळला’ हे क्रियापद गोळ्यासाठी वापरावं, ‘बनवला’ नको. मुलांनी घरात लाडू वळताना पाहिलेले असतात, हातांना हालचाल लगेच आठवते. बर्फाच्या टेकाडावरून पीटर ‘घसरगुंडी करत’ खाली येतो. बर्फात उताणं पडून हातपाय हलवले की पंखांची आकृती उमटते, तिला ‘देवदूत’ म्हणण्यापेक्षा ‘परी’ म्हणणं बरं. हे वर्णन करून कळत नाही, जमिनीवर झोपून एकदा हात वरखाली करून दाखवावे लागतात. शेवटी पीटर ज्याला हाक मारतो तो मित्र इमारतीत समोरच्याच दारात राहतो. ‘समोरच्या दारातला मित्र’ म्हटलं की चाळीत, सोसायटीत वाढणाऱ्या मुलांना एक शब्दही समजावावा लागत नाही. अख्ख्या पुस्तकात आपल्या मुलांना सगळ्यात ओळखीचं घर हेच आहे.

पीटरचं नाव बदलू नये. पिंट्या किंवा प्रणव केला की मुलं रास्त प्रश्न विचारतात, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? थंडीत निफाडच्या द्राक्षमळ्यांत किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात, पण पाय रुतेल असा बर्फ महाराष्ट्रात पडत नाही. गोष्ट न्यूयॉर्कसारख्या शहरातली आहे, ती तिथलीच राहू द्यावी. लाल पोशाख म्हणजे कोट, विजार आणि टोकदार टोपी असा अंगभर. ‘कानटोपीवाला लाल कोट’ म्हटलं तरी काम भागतं.

या पुस्तकाबद्दल बोलताना पीटरच्या रंगाचा विषय येतो आणि तो यायलाच हवा. पीटर काळा आहे. गोष्टीत त्याचा उल्लेख एका शब्दानेही नाही, चित्रात फक्त दिसतं. १९६२ च्या अमेरिकेत हे किती विरळा होतं ते कळायला एक आकडा पुरे. १९६५ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी एका लेखासाठी तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तपासली, त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी काळी व्यक्ती होती. त्याच लेखात ‘द स्नोई डे’वरही टीका आहे, कारण पीटर काळा आहे हे मजकुरात कुठेच म्हटलेलं नाही. पीटरच्या आईच्या चित्रणावरही आक्षेप घेतले गेले. कीट्स स्वतः ब्रुकलिनमध्ये १९१६ मध्ये जन्मलेले, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातले. मूळ आडनाव काट्झ. ज्यूद्वेषाच्या त्या काळात, १९४७ मध्ये, त्यांनी नाव बदलून घेतलं. १९४० च्या ‘लाइफ’ मासिकातून त्यांनी एका लहानग्या काळ्या मुलाची छायाचित्रं कापून ठेवली होती, वीसेक वर्षं जपली, आणि पहिल्यांदाच एकट्याने लिहून चितारायचं पुस्तक हाती आलं तेव्हा पीटर त्यांतून उभा राहिला.

मुलं विचारतात, ‘हा काळा का आहे?’ या प्रश्नाला दचकू नये, गप्पही करू नये. ‘त्याचे आईबाबा तसे आहेत म्हणून. तुझा रंग तुझ्या आईबाबांसारखा आहे ना, तसंच.’ एवढं सरळ सांगावं आणि वाचायला लागावं. ज्या समाजात बाळ जन्मल्या जन्मल्या ‘रंग कुणावर गेलाय’ याची चर्चा होते, तिथे सावळ्या मुलाने चित्रात एक देखणा, सावळा, खूश मुलगा पाहणं ही लहान गोष्ट नाही. पण ते मुलाला भाषण करून सांगायचं नसतं. पीटरचं चित्र ते काम करतं.

चित्रांकडे वळायचं तर हे पुस्तक जवळून बघण्यासारखं आहे. कीट्स तोवर रंगवून चित्रं काढत. इथे त्यांनी कातरून चिकटवायला सुरुवात केली. जपान, इटली, स्वीडन इथले नक्षीचे कागद, पहिल्या पानावरच्या पलंगपोसासाठी चित्रकाराचा बेल्जियन कॅनव्हास, आईच्या कपड्यासाठी फडताळात अंथरायचं ऑइलक्लॉथ म्हणजे मेणकापड. ओल्या शाईवर पांढरा रंग लाटून बर्फाचा पोत आणला. खोडरबर कोरून त्याचे ठसे उमटवले, त्यांतून हिमकण झाले. पीटर झोपतो त्या पानाची करडी रात्र टूथब्रशने शाई शिंपडून केलेली आहे. आणि या सगळ्या पांढऱ्या-निळ्या पसाऱ्यात पीटरचा लाल रंग. नजर त्याला कुठेही शोधत बसत नाही.

हे तंत्र घरी करता येतं आणि वाचनानंतरचा सगळ्यात चांगला उद्योग हाच. जाड निळा किंवा करडा कार्डपेपर घ्यावा. स्वस्तातलं मोठं खोडरबर मोठ्यांनी कटरने कोरावं: आधी पेन्सिलीने सहा पाकळ्यांचा तारा काढून बाकीचा भाग निदान तीन मिलिमीटर खोल काढून टाकायचा. कमी खोल कोरलं तर रंग खाचेत भरतो आणि ठसा नुसता गोल डाग उमटतो. हिमकणाला सहाच टोकं असतात, पाच किंवा आठ नाहीत. पोस्टर कलर पाणी न घालता ताटलीत ओल्या स्पंजावर पसरून त्याचं पॅड करावं. रंग पातळ केला की ठसा ओघळतो. पहिला ठसा नेहमी जाड येतो, तो रद्दीवर मारायचा आणि दुसऱ्यापासून कागदावर. टूथब्रशने शिंपडायचं तर अंगठा केसांवरून आपल्याकडे ओढायचा, म्हणजे थेंब पुढे उडतात. उलटं केलं की सगळं तोंडावर. खाली वर्तमानपत्र हवंच.

कोलाजसाठी, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रासाठी, विकतचे रंगीत कागद आणू नयेत, ते सगळे एकाच पोताचे असतात आणि मजा जाते. जुन्या लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या, मिठाईच्या खोक्यांचे सोनेरी तुकडे, किराण्याची खाकी पिशवी जमवावी. तीन वर्षांच्या मुलाला कात्री देण्यापेक्षा कागद फाडू द्यावा. फाटलेली पांढरी कड बर्फाच्या ढिगासारखीच दिसते. कापडाला फेविकॉल जसाच्या तसा चालतो, पातळ कागदाला मात्र तो अगदी पातळ थरात लावावा, नाहीतर कागद फुगून सुरकुततो.

पावलांचा खेळ तर फुकट आहे. शहाबादी फरशीवर किंवा गच्चीत ओले पाय करून पीटरसारखं चालायचं: पंजे बाहेर, पंजे आत, फरफटत, मग काठी ओढत. ऊन असेल तर मागचे ठसे बघता बघता वाळतात, आणि ‘कुठे गेले?’ हा प्रश्न मूल आपणच विचारतं. ज्या घरी गौरी येतात तिथल्या मुलांना पावलांचे ठसे कुणीतरी आल्याची खूण असते हे आधीच ठाऊक असतं. गुळगुळीत टाइल्सवर हा खेळ नको, ओल्या पायांनी घसरायची भीती असते.

वयाचं म्हणाल तर अडीच वर्षांच्या मुलाला आवाज आणि ठसे पुरतात, खिशाची गोष्ट कळत नाही. चार-पाच हे सगळ्यात योग्य वय. त्यांना मोठ्या मुलांचं पानही भिडतं: पीटरला मोठ्यांच्या बर्फाच्या लढाईत जावंसं वाटतं, पण आपण अजून तेवढे मोठे नाही हे तो जाणतो. सोसायटीतल्या क्रिकेटमध्ये ‘लिंबूटिंबू’ ठरलेल्या प्रत्येक मुलाला इथे सांगण्यासारखं काहीतरी असतं. ते सांगू द्यावं, वाचन पाच मिनिटं थांबलं तरी चालेल. नुसतं वाचायला चार-पाच मिनिटं लागतात, बोलत बोलत पंधरा. सहाच्या पुढे मुलांना गोष्ट छोटी वाटते, पण ठसे कसे केले यात ती रमतात.

गटात वाचायचं तर सहा ते आठ मुलं, अर्धवर्तुळात, पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. चित्रं दोन्ही पानांवर पसरलेली आहेत, ठशांच्या रेषा एका पानावरून दुसऱ्यावर जातात, त्यामुळे कडेला बसलेल्याला निम्मंच दिसतं. पंचवीस मुलांच्या वर्गात हे पुस्तक चालत नाही. तिथे तीन गट करून तीनदा वाचणं परवडतं. मोबाइलवर किंवा पडद्यावर दाखवू नये. पान उलटण्याची सगळी कारागिरी त्यात वाया जाते.

परदेशातल्या मराठी घरांसाठी हिशेब उलटा आहे. न्यूजर्सी किंवा शिकागोच्या मुलाला बर्फ समजावायची गरज नसते, त्याच्याकडे मराठी शब्द नसतात. रुतणे, वितळणे, गारठणे, भुसभुशीत, ठसा, फरफटत: हे सगळे शब्द या एका पुस्तकात हाताशी येतात आणि बाहेर अंगणात लगेच वापरता येतात. पहिला बर्फ पडेल त्या सकाळी, बाहेर जायच्या आधी वाचावं. परत आल्यावर ओले मोजे काढताना पुन्हा. पीटरची आईही मोजे काढता काढताच त्याचं सगळं ऐकते.

कुठली प्रत घ्यावी? तीनच्या आतल्या मुलासाठी जाड पुठ्ठ्याची बोर्डबुक प्रत, ती चघळली-आपटली तरी टिकते, पण चित्रं लहान होतात आणि त्यांचा फैलाव कमी जाणवतो. मांडीवर एका मुलाला घेऊन वाचायला पेपरबॅक पुरते. गटासाठी, ग्रंथालयासाठी किंवा वाढदिवसाच्या भेटीसाठी पुठ्ठाबांधणीची प्रतच घ्यावी, ती सपाट उघडी राहते आणि एका हातात धरता येते. ५० वर्षांच्या निमित्ताने निघालेल्या आवृत्तीत शेवटी कीट्सबद्दलची जादा पानं आहेत, ‘लाइफ’मधल्या त्या छायाचित्रांसकट. मुलांना त्यांचा उपयोग नाही, वाचून दाखवणाऱ्याला भरपूर आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेताना दोन गोष्टी बघाव्यात. ठशांची पानं मधोमध शिवणीतून सुटलेली नाहीत ना, कारण मुलांची बोटं तिथेच सगळ्यात जास्त फिरलेली असतात. आणि रिकाम्या खिशाचं पान जागेवर आहे ना. तेवढं एक पान गेलेलं असेल, तर कितीही स्वस्त मिळत असली तरी ती प्रत घेऊ नये.